नील्फाच्या फोनातली माणसं

पुएर्तो लुत्गार्दात कुणी मेलं की आधी नील्फा मार्तेलोला कळायचं, मग पाद्रीबाबांना, आणि सरकारला कळायचं ते सवडीने. यात नील्फाचा भोचकपणा काही नव्हता. दवंडी देणं हाच तिचा धंदा. तीनचाकी गाडीच्या टपावर दोन भोंगे, हातात माइक आणि तळ्याच्या काठाने पसरलेलं आमचं एवढंसं गाव. पाण्याचा टँकर आलाय, डुक्कर हरवलंय, अमकीच्या घरी रविवारी कोंबडीचा रस्सा विकायला आहे, तमका वारला आणि उन्हं उतरल्यावर माती आहे. सगळं तिच्याच तोंडून.

आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने निन्या म्हणतात, तशी ती निन्या नील्फा. एरवी बाई घोगऱ्या आवाजाची, तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी. दुकानात साखर मागितली तर दुकानदार दोनदा विचारायचा. पण माइक हातात आला की तीच बाई “लक्ष द्या, लक्ष द्या, पुएर्तो लुत्गार्दा!” असा काही पुकारा करायची, की ओसरीवर डॉमिनो खेळणाऱ्यांचे हात जागीच थांबायचे. आधी मेलेल्यांची नावं, मग जिवंतांची कामं, असा तिचा रिवाज होता. ज्या घरात दुखवटा चालू असेल त्या घरावरून जाताना ती भोंगा बंद ठेवायची. आणि दवंडी कुणाची का असेना, “कशाला?” असा प्रश्न तिने कधी कुणाला केला नाही. सांगाल ते बोलणार, सांगणार नाही ते बोलणार नाही. आमच्या गावात कुणाच्याच तोंडात तीळ भिजत नाही, एक नील्फा सोडली तर. म्हणून तर लोक तिच्यापाशी मोकळे व्हायचे.

मोकळे म्हणजे किती, ते सांगायला हवं. आमच्या लोकांना लिहिण्याचा राग आहे. कुणी निरोप लिहून धाडला तर हा भांडायला निघालाय असंच आम्ही धरून चालतो. आमचा सगळा कारभार फोनचं बटण दाबून बोलण्याचा. त्यातही डुक्कर विकायचंय तर माणूस तेवढंच सांगून थांबेल? छे! आधी गुडघ्याचं दुखणं, मग सुनेचं वागणं, मग सून माहेरी का गेली ते, आणि सर्वांत शेवटी डुक्कर. नील्फा सकाळी कॉफीचा पेला घेऊन झुलत्या खुर्चीत बसायची, हे सगळं शेवटपर्यंत ऐकायची, आणि त्यातून डुक्कर तेवढं बाहेर काढायची. बाकीचं फोनात पडून राहायचं. साथीच्या काळात गाडी फिरवायला बंदी आली तेव्हापासून ती आपल्या दवंड्या गावाच्या ग्रुपवरही टाकू लागली होती. त्याही तिथे पडून होत्या, कुणीही यावं आणि उचलाव्यात.

उचलल्या कुणी ते आजतागायत कळलेलं नाही.

मच्छीमारांच्या संघटनेचा म्होरक्या अपोलिनार पाहारो. एका सकाळी तो नगरपालिकेतून तणतणत आला आणि थेट नील्फाच्या दारात उभा राहिला. होड्या लागतात त्या किनाऱ्यावर एका कंपनीला धक्का बांधायची परवानगी मिळाली होती. कायद्याप्रमाणे आधी गावाची सभा घ्यावी लागते. सभा ठरली, दवंडी दिली, कुणीच आलं नाही, म्हणजे कुणाची हरकत नाही, असं कागदावर चढलं होतं. आणि दवंडीचा पुरावा म्हणून फायलीत एक ध्वनिफीत होती.

“ऐक,” अपोलिनार म्हणाला आणि त्याने फोन तिच्या कानाशी धरला.

“लक्ष द्या, लक्ष द्या, पुएर्तो लुत्गार्दा! किनाऱ्यावरच्या कामाविषयी शाळेच्या मैदानात सभा आहे...”

आवाज नील्फाचा. हेल तिचा. गावाचं नाव घेताना मधल्या अक्षरावर ती जो भार देते तोसुद्धा तिचाच. नील्फाने तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला.

“ही मी नव्हे, अपोलिनार.”

“निन्या नील्फा, माझं लग्न तू पुकारलंस, माझ्या आईची माती तू पुकारलीस. मला तुझा आवाज शिकवतेस?”

“ही बाई श्वास घेत नाही रे. बघ ना, एका दमात सगळं. आणि माझ्या दवंडीत मागे कुत्री भुंकतात, गाडी खड्ड्यात आपटते. इथे काही आहे?”

“मग कोण आहे ही? तुझी जुळी बहीण?” तो कडवटपणे हसला. “त्यांनी पैसे दिले, तू बोललीस. तू कधी कुणाला नाही म्हटलंयस? सरळ कबूल कर, मी ओरडणारसुद्धा नाही.”

खरा घाव हाच होता. नील्फा कुणाचीही दवंडी देते, कारण विचारत नाही, हे गावाला पक्कं ठाऊक. ज्या गुणावर तिचं पोट चाललं त्याच गुणापायी तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. आणि त्याहून वाईट गोष्ट पुढेच होती. ती फीत गावभर फिरली, तसं लोकांना आठवायला लागलं. न्हाव्याला आठवलं, तो वस्तरा पाजळत होता तेव्हा ही दवंडी गल्लीतून गेली. तुलिया तर शपथेवर सांगू लागली, “मी मासे तळत होते, तेल उडालं हातावर, तेवढ्यात ऐकलं. हा बघा डाग!”

तुलिया ही नील्फाची कोमाद्रे. तुलियाच्या मुलाला, देईमेरला, बाप्तिस्म्याच्या वेळी नील्फाने हातात धरलं होतं. त्या नात्याला आमच्याकडे रक्ताच्या नात्याइतकाच मान. नवरा बुडाल्यापासून तुलिया किनाऱ्यावर चूल मांडून तळलेले मासे आणि हिरव्या केळ्यांचे चपटे काप विकायची. किनारा गेला तर तिची चूल गेली. तीच शपथेवर सांगायला लागल्यावर नील्फाला एके दिवशी स्वतःचीच शंका आली. आपण खरंच बोललो की काय? वय होत चाललंय, रोज इतकं बोलतो, एखादी विसरलोही असू. त्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून ते वाक्य स्वतः म्हणून पाहत होती. आपलाच आवाज आपल्या अंगावर येतो तेव्हा माणसाने कुठे जावं?

शेवटी ती लोकांच्या हक्कांसाठी असलेल्या सरकारी कचेरीत गेली. तिथे लिलीबेथ नावाची तरुण वकील होती. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणायची रीत आहे, म्हणून ती डॉक्टोरा. तिने सगळं ऐकलं, ग्रुपवरच्या दवंड्या उचलून हल्ली कम्प्युटरवर असा आवाज बनवतात म्हणाली, आणि टेबलावर थाप मारली. “तुतेला लावू या!”

तुतेला म्हणजे कोणाही नागरिकाला न्यायाधीशापुढे थेट घालता येणारं गाऱ्हाणं. ना मोठा वकील लागत, ना खर्च. आमच्या देशात औषध मिळालं नाही, पेन्शन अडली, शेजाऱ्याने बदनामी केली, की बाया उठतात आणि तुतेला लावतात. नील्फाने लावला. माझा आवाज माझा आहे, तो माझ्या परवानगीवाचून कुणी वापरला, माझं नाव मला परत द्या, आणि ज्या दवंडीवर ती सभा उभी आहे ती खोटी ठरवा. दवंडी खोटी ठरली की सभा खोटी, आणि सभा खोटी की परवानगीही. अपोलिनार म्हणाला, “बाई न्यायाधीशापुढे गेली, हे चांगलं झालं.” गाव जरासं नरमलं.

कंपनीचा वकील राजधानीतून आला होता. मोठा गोड बोलला. बाईंचा आम्ही आदरच करतो, म्हणाला. बाई म्हणतात आवाज बनावट आहे, असेलही. ज्या फोनवरून त्या रोज दवंड्या पाठवतात त्याची तज्ज्ञाकडून पूर्ण प्रत काढू या. ही दवंडी तिथून निघालेली नसेल तर आम्हीच माघार घेऊ. न्यायाधीशांना ते रास्त वाटलं. फक्त सक्ती करता येणार नाही, म्हणाले, फोन बाईंचा आहे. दोन दिवसांत कळवा.

गावात तर सण असल्यासारखं झालं. एक फोन द्यायचा आणि किनारा सोडवायचा!

नील्फा घरी आली, पेलाभर कॉफी केली आणि फोन देण्याआधी सहज म्हणून जुने निरोप चाळायला बसली. पहिल्याच काही निरोपांत तिचा हात थबकला. एक गृहस्थ बायकोला न सांगता घर विकायला काढत होता. एक पोरगी शिलाई मशीन विकत होती आणि कुठल्या शहरात, कुठल्या दवाखान्यात, कशासाठी जायचंय तेही रडत सांगत होती. आणि मग तुलियाचा निरोप आला, दोन वर्षांपूर्वीचा.

देईमेर तेव्हा नाहीसा झाला होता. डोंगराकडच्या त्या माणसांनी त्याला निरोप धाडला होता, आमच्यात ये नाहीतर बघून घेऊ. त्यांचं नाव आम्ही घेत नाही, “ती माणसं” एवढंच म्हणतो. पोरगा एका पहाटे निघून गेला. तुलियाने आधी हंबरडा फोडून दवंडी सांगितली, मुलगा हरवलाय. थोड्या वेळाने दुसरा निरोप.

“थांब, कोमाद्रे, थांब, पुकारू नकोस! फोन आला त्याचा. जिवंत आहे माझं लेकरू...” आणि मग शहर, मोहल्ला, कुठल्या चर्चच्या मागची बेकरी, तिथे तो कोणत्या नावाने राहतो, सगळं. आनंदात माणूस काय काय बोलून जातो. त्या शहराचं नाव मी इथेही घेणार नाही.

नील्फा उठली ती तडक डॉक्टोराकडे.

“अख्खा फोन द्यायचा?”

“अख्खा. निवडून दिलात तर म्हणतील, नको ते काढून टाकलं.”

“आणि ती प्रत जाते कुठे?”

“न्यायालयात. एक कंपनीच्या वकिलाला. दोन्ही बाजूंना सारखं मिळायला हवं, तसा कायदाच आहे.”

“आणि वकिलाकडून?”

डॉक्टोराने उठून दार लोटून घेतलं. तीही याच तळ्याकाठची. कंपनीच्या गोदामावर पहारा कोण देतं, त्यांचे मेहुणे-चुलते डोंगराकडे कुणात असतात, हे तिला सांगायला नको होतं.

“खासगी गोष्टी झाकाव्यात म्हणून मी अर्ज करीन,” ती हळूच म्हणाली. “मान्यही होईल. पण झाकायचं तर आधी कुणीतरी ऐकणार ना? तो कोण असेल, हे मला नाही सांगता येत, निन्या नील्फा.”

“एखादा निरोप पुसला तर?”

“पुसलेलं सापडतं. आणि तुम्ही पुसलंत हेही सापडतं. मग सगळंच संपलं.” तिने नील्फाचा हात धरला. “नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. घटनेतच आहे. फक्त नाही म्हटल्यावर लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवावा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.”

नील्फा नाही म्हणाली.

कारण काय, ते तिने ना न्यायाधीशांना सांगितलं, ना अपोलिनारला. आत माणसं लपलीत एवढं जरी बोलली असती तरी कोण लपलंय याचा वास काढत लोक निघाले असते. आमचं गाव तसंच आहे. निकालात लिहून आलं की बाईंनी तपासणीस नकार दिला, सबब आवाज बनावट असल्याचं सिद्ध होत नाही. वर दाद मागायला थोडे दिवस उरले होते तेवढेच. कंपनीने किनाऱ्यावर तारेचं कुंपण घालायला घेतलं.

त्यानंतर नील्फाची गाडी दिसली की लोक पाठ फिरवू लागले. कुणी तिला दवंडी देईना. माणूस मेला तर पाद्रीबाबा घंटेवरच भागवू लागले. पेट्रोल भरायला ती उभी राहिली तर पंपावरचा म्हणाला, “कंपनीच्या खात्यावर टाकू का?” सगळे खदखदून हसले. हसणाऱ्यांत तो गृहस्थही होता, बायकोला न सांगता घर विकणारा. बोलून झालं की शब्द हवेत विरतात असं आम्हाला वाटतं. आपला आवाज त्या बाईच्या पदरात अजून जिवंत आहे, याची एकालाही आठवण नव्हती. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

सगळ्यांत मोठा आवाज तुलियाचा. कुंपणाशी उभी राहून ती रोज ओरडायची. “लपवण्यासारखं नाही ना काही? मग द्यायचा होता फोन! माझा मागितला असता तर मी तोंडावर फेकला असता त्यांच्या! हिने आपल्या कोमाद्रेची चूल विकली हो, चूल!”

नील्फा मूग गिळून बसली. खोटं कशाला बोलू, तिलाही राग यायचा. एक बटण दाबलं तर ही बाई जागच्या जागी गप्प होईल, असं तिच्या मनात येऊन जायचं. मग ती फोन कपाटात टाकून कुलूप लावायची. त्या कुलपाआड तिचा एकमेव साक्षीदार होता. कधीतरी भला तज्ज्ञ मिळेल, दुसरी काही वाट निघेल, तोवर फोन जपायचा, एवढ्याच आशेवर ती होती.

एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, तुलिया दारात आली. आत यायला तयार नव्हती.

“सांगून ठेवते. उद्या सकाळी आम्ही बायका येणार आहोत. फोन देणार नसशील तर हिसकून नेऊ आणि डॉक्टोराच्या टेबलावर ठेवू. दाद मागायला अजून मुदत आहे. तुझे केस उपटायला लागले तरी उपटू.”

“आत ये, तुलिया.”

“नाही येत.”

“आत ये म्हणते ना! दार लाव.”

नील्फाने कपाट उघडलं. फोन टेबलावर ठेवला, आवाज बारीक केला आणि बटण दाबलं.

“थांब, कोमाद्रे, थांब, पुकारू नकोस! फोन आला त्याचा...”

पहिल्या शब्दाला तुलियाच्या कपाळावर आठी पडली, जणू कुणा परक्या बाईचा आवाज आहे. मग चेहरा पांढराफटक पडत गेला. शहराचं नाव आलं तशी तिने झेप घेऊन फोनवर हात दाबला, जसं एखाद्याचं तोंड दाबावं. फोन तिच्या तळव्याखाली बोलतच राहिला. बेकरी, चर्च, नवं नाव.

“हे... हे अजून आहे?”

“आहे. फोन देणार म्हणजे हे देणार.”

तुलिया खाली बसली. मग एकदम तिने नील्फाचे पाय धरले. “मी सांगते उद्या सगळ्यांना. सांगते, माझ्यासाठी गप्प बसली ही.”

“खुळी आहेस का? काय सांगशील? माझा मुलगा फोनात आहे म्हणून?” नील्फाने तिला खांद्याला धरून उठवलं. “आणि तू एकटी नाहीस त्यात. अर्धं गाव आहे.”

“मग उद्या बायका येणार त्यांना काय सांगू? मीच पेटवलंय त्यांना. आता त्या ऐकायच्या नाहीत.”

नील्फा टेबलावरच्या फोनकडे बघत राहिली. कोपऱ्यातली काच तडकलेली, मागे कार्मेनच्या मेरीमातेचं चित्र चिकटवलेलं. तिचं नाव निर्दोष ठरवू शकेल अशी जगात ती एकच वस्तू होती.

“त्यांना घेऊन ये,” ती म्हणाली. “ठरल्याप्रमाणे ये. मी होड्यांच्या जुन्या लाकडी धक्क्याच्या टोकाशी उभी असेन. सगळ्यांसमोर फोन तळ्यात टाकते. तळ खोल आहे तिथे, चिखल आहे. मग मागणारंही कुणी उरणार नाही.”

“लोक म्हणतील, पुरावा बुडवला.”

“म्हणू देत.”

“कायमचं म्हणतील, नील्फा!”

“माहीत आहे मला.” नील्फाने फोन उचलून पुन्हा कपाटात ठेवला. “आणि ऐक. तू मला शिव्या द्यायच्या. रोज देतेस त्याहून जास्त. तू एकदम गप्प झालीस तर लोक विचारतील, तुलिया का गप्प? कालपर्यंत तर बोंबलत होती. आणि या गावाला एकदा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत झोप लागत नाही.”

“मला नाही जमायचं.”

“देईमेरसाठी जमव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या, त्यांच्यामागे पुरुष, अपोलिनार, न्हावी, पंपावरचा. नील्फा लाकडी धक्क्याच्या टोकाशी उभी होती. तिने फोन वर धरला, सगळ्यांना नीट दिसावा असा, आणि टाकला. फार लांब गेलाही नाही. डुबुक झालं, पाणी जरा हललं आणि पुन्हा सपाट झालं.

मग अपोलिनार म्हणाला, “आता कळलं सगळ्यांना?” तो मान खाली घालून परत निघाला. बायका मात्र तुलियाकडे बघत होत्या. रोज तीच सुरुवात करायची.

तुलियाने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. नील्फाने दुरून तिच्याकडे पाहिलं.

“विकाऊ!” तुलिया ओरडली. “विकाऊ बाई! जीभ झडो तुझी! किनारा खाल्लास आमचा!” शब्द एकदा सुटले तसे सुटतच गेले. नील्फाच्या मेलेल्या आईपर्यंत गेले, तिच्या मूल न झालेल्या पोटापर्यंत गेले. तुलियाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकातून वाहत होतं, आणि शेजारची बाई तिची पाठ चोळत म्हणाली, “बिचारी, केवढा राग आलाय बघा.”

मध्येच तुलियाचा श्वास संपला आणि ती थांबली. गर्दीतल्या एक-दोघांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

धक्क्याच्या टोकावरून नील्फाने मान हलवली, कुणाला दिसेल न दिसेल एवढीच. अजून.

तुलिया पुन्हा ओरडू लागली.